ल्युपससोबत वाढताना: तरुण मुलामुलींसाठी आणि घरच्यांसाठी तयारीचे मार्गदर्शन

'एवढं दुखतं, पण पोरगी तोंडातून शब्द काढत नाही' असे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. ल्युपस असलेल्या मुलीच्या बाबतीत हे कौतुक महागात पडते. या आजारात मूत्रपिंडाला सूज येते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, आणि सोसायची सवय लागलेली मुलगी 'होईल कमी' म्हणून महिना काढते. त्या महिन्यात झालेल्या नुकसानीतले काही कायमचे राहते. म्हणून ल्युपसमध्ये खंबीर राहायचे तर लवकर बोलायला शिकावे लागते, आणि वाईट दिवसांची तयारी बऱ्या दिवसांतच करून ठेवावी लागते. सातारा-सांगली भागातल्या साधारण १३ ते २५ वयाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना ही तयारी घरी कशी करता येईल, ते पुढे क्रमाने दिले आहे. औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथले आकडे तुम्हाला त्यांच्याशी नीट बोलता यावे म्हणून आहेत.

आजाराची ओळख, घरातल्या सगळ्यांसाठी

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती परक्या जंतूंऐवजी स्वतःच्याच त्वचेवर, सांध्यांवर, रक्तपेशींवर, मूत्रपिंडावर, कधी फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणावर, कधी मेंदूवर हल्ला करते. मोठ्या रुग्णांत दहापैकी नऊ स्त्रिया असतात. मुलग्यांनाही होतो, आणि 'हा तर बायकांचा आजार' असे ऐकून ते तो जास्त लपवतात. लहान वयात सुरू झालेला ल्युपस मोठेपणी सुरू झालेल्यापेक्षा जोरकस असतो आणि मूत्रपिंडाला जास्त वेळा धरतो.

तो संसर्गाने पसरत नाही. ताट, टॉवेल, अंथरूण वेगळे करायची गरज नाही. तो कॅन्सर नाही, काही खाल्ल्याने झालेला नाही, कुणाच्या पापाने तर नाहीच. पूर्ण बरा करणारे औषध आज नाही, पण आजार शांत ठेवणारी औषधे आहेत आणि ती घेऊन शिकणारी, नोकरी करणारी, मुले झालेली माणसे आपल्या आसपास आहेत.

'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, गुळवेलीच्या गोळ्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या यांपासून लांब राहा. या आजारात प्रतिकारशक्ती आधीच चवताळलेली असते, तिला आणखी डिवचायचे नसते. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असते. आठ दिवस छान वाटते, आणि मग डॉक्टरांना आजाराचा अंदाजच येत नाही.

पायरी १: गोळ्यांची घडी बसवा

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मेहनत इथे करायची. तरुण रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक अगदी साधे आहे: गोळ्या परस्पर बंद होतात.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही उपचाराचा पाया असलेली गोळी, जवळपास प्रत्येक रुग्णाला दिली जाते. ती दिवसाला वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. म्हणजे ४० किलोच्या मुलीला २०० मिलिग्रॅम. तुमचे वजन बरेच घटले किंवा वाढले तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ही गोळी जेवणासोबत घ्यायची, नाहीतर पोटात मळमळते. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. गफलत होते ती इथेच. महिनाभर घेऊन 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात, किंवा वर्षभराने 'आता बरं आहे' म्हणून बंद करतात. बरे वाटते ते ती चालू असते म्हणून. डोळ्यांवरचा परिणाम क्वचित आणि वर्षानुवर्षे घेतल्यावर होतो. त्यासाठी सुरुवातीच्या वर्षात एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर वार्षिक तपासणी आधीपासून. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीचे नाव सांगून ओसीटी आणि व्हिजुअल फील्ड या तपासण्यांबद्दल विचारा. नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही.

दुसरी गोळी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. हिने आजार पटकन आटोक्यात येतो, आणि मुलांचा सगळ्यात जास्त रागही हिच्यावरच असतो: चेहरा गोल होतो, भूक वाढते, मुरुमे येतात, झोप उडते, चिडचिड होते. हा राग समजण्यासारखा आहे. पण तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. अशा वेळी गोळी एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून डोस नेहमी हळूहळू उतरवतात. डॉक्टरांचे ध्येयही तो दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणण्याचे असते. चेहऱ्याचा त्रास होत असेल तर तसेच सांगा: 'डॉक्टर, मला आरशात बघवत नाही, डोस कधी कमी होईल?' हा प्रश्न नखऱ्याचा नाही. गोळी गुपचूप गटारात टाकण्यापेक्षा हे विचारणे फार शहाणपणाचे. स्टेरॉइड सकाळी न्याहारीनंतर घ्या, रात्री घेतल्यास झोप जाते. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बहुधा दिलेले असते. ते हाडांसाठी असते, ऐच्छिक समजू नका. उलट्यांमुळे स्टेरॉइडची गोळी पोटात टिकतच नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, इंजेक्शन लागू शकते.

अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे त्यांवर असताना रक्ततपासणी चुकवायची नाही. मायकोफेनोलेटने गर्भाला व्यंग येऊ शकते. म्हणून डॉक्टर अविवाहित मुलीलाही पाळीबद्दल, गर्भधारणेबद्दल विचारतात. आईने त्यात अपमान मानू नये.

आठवड्याचा खणांचा डबा आणा आणि दर रविवारी भरा. डबा देवघरापाशी किंवा चहाच्या भांड्यांजवळ ठेवा, म्हणजे जिथे रोज हात जातोच तिथे. मोबाइलमध्ये गजर लावा. दिवसातून एकदाची गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. घरात किमान दहा दिवसांचा साठा उरला असतानाच नवी पाकिटे आणा. तालुक्याच्या गावी या गोळ्या दर वेळी लगेच मिळतीलच असे नाही, दुकानदार सांगलीहून, मिरजेहून किंवा साताऱ्याहून मागवून देतो.

उपासाचे आधीच ठरवा. हरतालिकेचा निर्जळी उपास मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मुलीने करू नये. नवरात्रात किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास करायचाच असेल तर सकाळी काहीतरी खाऊनच गोळ्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेणे बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला मारक ठरतात. ताप-दुखीला साधे पॅरासिटामॉल चालते का, किती चालते, हे डॉक्टरांना एकदाच विचारून वहीत लिहून ठेवा.

पायरी २: आजाराची चाहूल ओळखा

एक दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री एक ओळ: थकवा दहापैकी किती, कुठला सांधा दुखला, तोंड आले का, ताप, झोप, गोळ्या घेतल्या का. एका मिनिटाचे काम आहे. मोठे तक्ते आखले की पंधरा दिवसांत वही बंद पडते. आठवड्यातून एकदा सकाळी लघवीनंतर वजन करा आणि नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. खळगा तसाच राहिला तर सूज आहे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढले तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते. डिजिटल रक्तदाब यंत्र परवडत असेल तर जरूर घ्या. पाच मिनिटे शांत बसून मोजा. रक्तदाब सलग दोन-तीन दिवस १३०/८० च्या वर राहिला तर फोन करा.

तपासण्यांत लघवीची तपासणी सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. पैशांची ओढाताण असली तरी ती सोडू नका. आजार शांत असताना साधारण दर तीन महिन्यांनी, उसळलेला असताना डॉक्टर म्हणतील तेवढ्या वेळा. लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण, रक्तातील क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, आणि आजाराचा जोर दाखवणारे सी३, सी४, अँटी-डीएसडीएनए हे आकडे महत्त्वाचे. एएनए ही निदानासाठीची रक्ततपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा करायची गरज नसते, तो खर्च वाचवा. वहीच्या शेवटच्या पानावर तारखेनुसार आकड्यांचा तक्ता ठेवा आणि शेजारी त्या वेळचा स्टेरॉइडचा डोस लिहा. नव्या डॉक्टरांना हे एक पान सगळ्या फाईलपेक्षा जास्त सांगते.

आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर वरच्या भागात लिहा: नेहमीपेक्षा जास्त थकवा, नवी सांधेदुखी, तोंडात फोड, गालावर चट्टा, केस जास्त गळणे. हे तीन दिवस टिकले तर डॉक्टरांना फोन. मधल्या भागात: लघवीला न विरणारा फेस, पायाला किंवा डोळ्यांखाली सूज, लघवी लालसर किंवा कमी, अंगावर बारीक लाल ठिपके. यात वाट बघायची नाही, एक-दोन दिवसांत तपासणी. खालच्या भागात: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणे, धाप, झटके, असंबद्ध बोलणे, सहन न होणारी डोकेदुखी, एकाच पायाला अचानक सूज आणि वेदना. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, बाकीच्यांसाठी लगेच १०८. स्टेरॉइडवर असताना जंतुसंसर्ग मोठा असूनही ताप थोडाच येऊ शकतो, म्हणून 'अंगात कसर आहे' एवढ्यावर सोडू नका. कागदाच्या तळाशी तीन फोन नंबर: तज्ज्ञ, गावातले नेहमीचे डॉक्टर, गाडी असलेला शेजारी.

दोन गोष्टी जाताजाता. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्या. आणि कुठलीही लस घेण्यापूर्वी विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी सहसा देत नाहीत, पण फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्यायला सांगतात.

पायरी ३: उन्हाचा बंदोबस्त

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशी मरतात, आणि त्यांचे अवशेष पाहून चवताळलेली प्रतिकारशक्ती सगळ्या अंगात आजार पेटवते. म्हणून प्रश्न काळे पडण्याचा नाही. उन्हात एक दिवस काढला की पुढच्या आठवड्यात सांधे धरू शकतात. माण, खटाव, जत, आटपाडीच्या बाजूला वर्षातला मोठा काळ हे सांभाळावे लागते. महाबळेश्वर-जावळीकडे ढग असले तरी किरण येतातच.

सकाळी दहा ते दुपारी चार बाहेरची कामे टाळा. एसपीएफ ५० चे सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लागते. बहुतेक जण वाटाण्याएवढे लावतात आणि 'उपयोग नाही' म्हणतात. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब महाग वाटत असेल तर ती उघड्या भागापुरती वापरा आणि बाकीचे काम पूर्ण बाह्यांच्या घट्ट विणीच्या सुती कपड्यांवर, रुंद काठाच्या टोपीवर आणि छत्रीवर सोपवा. स्कार्फ पातळ जाळीचा नको. द्राक्षांच्या काढणीत किंवा हळद शिजवायच्या दिवसांत घरच्यांना हात हवा असतो. अशा वेळी शेडमधले प्रतवारीचे, पॅकिंगचे, हिशोबाचे काम मागून घ्या. नुसते 'तू बस' म्हटले की मूल एकटे पडते, सावलीतले काम दिले की ते घरात राहते.

खिडकीची काच सगळे किरण अडवत नाही. साताऱ्याहून पुण्याला सकाळी जाताना ऊन गाडीच्या उजव्या अंगाला असते. दुपारनंतर परतताना दिशा आणि सूर्य दोन्ही बदललेले असल्याने तेव्हाही उजव्याच अंगाला. एसटीत दोन्ही वेळा डाव्या बाजूला बसा.

हिवाळ्यात काहींची बोटे थंडीने पांढरी, मग निळी पडतात. पहाटे दुचाकीवर हातमोजे, भांडी-कपड्यांना कोमट पाणी, आणि हात गारठण्याआधीच ऊब. तंबाखू-सिगारेटने हा त्रास वाढतो, शिवाय औषधांचा गुणही कमी येतो.

पायरी ४: ताकदीचा हिशोब आणि अभ्यास

ल्युपसचा थकवा झोप काढून जात नाही, आणि बाहेरून दिसतही नाही. शिक्षकांना, चुलत भावंडांना तो आळस वाटतो. शेतीपंपाला वीज ठरावीक तासच असते, म्हणून कुठल्या सरीला आधी पाणी द्यायचे हे आदल्या रात्रीच ठरवतात. तुमच्या ताकदीचेही तसेच करा: उद्याची एक गोष्ट जी व्हायलाच हवी, दोन ज्या झाल्या तर बरे, बाकी सोडून द्यायच्या. सर्वांत जास्त नुकसान बऱ्या दिवशी होते. आज छान वाटतेय म्हणून राहिलेले सगळे उरकायला जातात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीही ठरवल्यापेक्षा फार तर थोडेसेच जास्त करा.

अभ्यास ३० मिनिटे, मग १० मिनिटे पाठ टेकून विश्रांती. मोबाइल बघणे विश्रांतीत धरू नका. अवघड विषय ज्या वेळेला डोके चालते त्या वेळी. अनेकांना सकाळी सांधे आखडलेले असतात, त्यांनी हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मग लिहायला बसावे. पेनाला रबरी पकड किंवा कापडाची पट्टी गुंडाळून जाड केले की बोटांवरचा ताण कमी होतो. काही दिवस वाचलेले लक्षात राहत नाही. तेव्हा नवे वाचण्याऐवजी लिहिलेल्या टिपणांची उजळणी करा. हे वाढत गेले तर डॉक्टरांना सांगा.

हालचाल बंद करू नका, आजार शांत असेल तर चालण्याने थकवा कमीच होतो. सूर्य वर येण्याआधी सपाटीवर १० मिनिटे चालायला सुरुवात, दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटे वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेलात तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत या. अजिंक्यताऱ्याची चढण सुरुवातीला नको. सांधे सुजलेले किंवा ताप असताना व्यायाम थांबवा.

पोलीस भरती किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी स्पष्टच सांगायला हवे. आजार लपवून १६०० मीटरचा सराव उन्हात करणे धोक्याचे आहे, आणि वैद्यकीय तपासणीत तो पुढे येण्याची शक्यता मोठी असते. डॉक्टरांशी बसून खरी शक्यता विचारा आणि स्पर्धा परीक्षा, बँक, संगणक, न्यायालयीन किंवा कार्यालयीन कामाच्या वाटा वेळेत बघा. स्वप्न बदलावे लागले तर त्याचे दुःख होणारच, घरच्यांनी ते 'जाऊ दे' म्हणून झटकू नये.

पायरी ५: शाळा, मित्र आणि लोकांचे बोलणे

जूनमध्ये शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे पत्र. अर्जात मोजक्या मागण्या: मैदानावरचा परिपाठ आणि खेळाचा तास सावलीत, पूर्ण बाह्यांचा गणवेश, पाणी आणि लघवीला जाण्याची मुभा, उन्हाच्या खिडकीपासून दूर बाक, दवाखान्याच्या दिवसांची गैरहजेरी वैद्यकीय रजा धरणे. दहावी-बारावीच्या परीक्षेत काही सोय हवी असेल तर अर्ज भरायच्या वेळीच शाळेमार्फत विचारा. फेब्रुवारीत धावाधाव करून उपयोग होत नाही. परीक्षा बुडालीच तर पुरवणी परीक्षा असते. महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीचा प्रश्न येतो, तिथेही प्राचार्यांना द्यायचे पत्र सत्राच्या सुरुवातीलाच हवे.

वर्गातल्या सगळ्यांना सांगायची गरज नाही. दोन जवळचे मित्र आणि एक शिक्षक पुरे. त्यांना सांगायचे शब्द घरी म्हणून बघा: 'मला ल्युपस आहे. तो लागत नाही. कधी मी धावीन, कधी जिना चढवणार नाही, दोन्ही खरंच असतं. मला ताप आला किंवा मी विचित्र बोलायला लागले तर आईला फोन कर.'

लग्नात, बारशात 'काय गं, किती सुजलीस!' हे येणारच. उत्तर तयार ठेवा: 'काकू, गोळ्यांमुळे आहे, डोस उतरला की जाईल.' आणि विषय बदला. आईने किंवा आत्याने तिथेच पुढे होऊन तिची बाजू घेतली तर मुलीला फार मोठा आधार मिळतो. मित्रांचा गट मैदानावर असेल तर गुणलेखक, पंच, ढोलपथकाचा नियोजक अशी जागा घ्या, पण गट सोडू नका. ज्यांना माणसे धरून ठेवता येतात ती मुले आजाराच्या उसळीतून लवकर सावरतात.

पायरी ६: मनाची देखभाल

निदानानंतर काही महिने राग, रडू, 'मलाच का' हे सगळे येते. त्याला घाई करू नका. त्यानंतरही उदासी राहिली तर तीन कारणे एकत्र असू शकतात: परिस्थितीचे दुःख, स्टेरॉइडचा मनावरचा परिणाम, किंवा आजाराने मेंदूला धरणे. म्हणून 'मनाला लावून घेऊ नकोस' हा उपाय पुरत नाही, डॉक्टरांना सांगावे लागते. डोस वाढवल्यावर काही दिवसांत झोप गेली, खूप चिडचिड किंवा अकारण उत्साह आला, कानात आवाज ऐकू येऊ लागले तर लगेच कळवा.

एक कामाची सवय अशी. वाईट दिवशी मनात येणारे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहा: 'आज शाळा बुडली, वर्ष गेलं.' खाली लिहा: याचा पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, आणि मैत्रिणीने हेच म्हटले असते तर मी काय सांगितले असते. मग पुढच्या तासात करता येईल असे एक छोटे काम: आजच्या नोट्स मागवणे. महिनाभर केल्यावर मन एकदम शेवटच्या टोकाला जाणे कमी होते.

दोन आठवडे सतत उदास वाटणे, आवडत्या गोष्टी नकोशा होणे, जेवण-झोप बिघडणे, गोळ्या मुद्दाम टाळणे, ही मदत घेण्याची वेळ. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर तो लावा आणि घरातल्या एका माणसाला त्याच क्षणी सांगा. घरच्यांनी अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा.

पायरी ७: जबाबदारी हळूहळू हातात द्या

आईने बारावीपर्यंत सगळ्या गोळ्या हातात ठेवल्या आणि मूल पुण्याला गेले की दोन महिन्यांत सगळे विस्कटते. हे टाळायला सोपवणे लवकर सुरू करा. तेराव्या वर्षी मुलाला आजाराचे आणि प्रत्येक गोळीचे नाव पाठ असावे. चौदा-पंधराव्या वर्षी डबा त्याने भरावा, आईने फक्त नजर टाकावी. सोळाव्या वर्षापासून डॉक्टरांशी पहिली पाच मिनिटे त्याने एकट्याने बोलावे. पाळी, सिगारेट, प्रेम, गोळ्या चुकवणे हे आईवडिलांसमोर कुणी बोलत नाही. अठराव्या वर्षी फाईल, तारखा, औषधांची खरेदी सगळे त्याचे. आजार उसळला तर एक पायरी मागे घ्या, शिक्षा म्हणून नाही तर मदत म्हणून, आणि शांत झाला की परत द्या.

तपासणीला जाण्याआधी वहीतून तीनच प्रश्न काढा आणि खोलीत शिरताच आधी तेच विचारा. 'गोळ्या नियमित घेतोस ना?' याला खरे उत्तर द्या. आठवड्यात दोन चुकत असतील तर 'दोन चुकतात' म्हणा. नाहीतर औषध लागू पडत नाही असे समजून डॉक्टर आणखी कडक औषधाकडे जातात.

प्रवास, पैसे आणि पूर

ल्युपसवर उपचार करणारे संधिवाततज्ज्ञ तालुक्याला मिळत नाहीत, अनेकांना पुणे-कोल्हापूर गाठावे लागते. मधल्या तपासण्यांसाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचे कृष्णा रुग्णालय अशी जवळची ठिकाणे आहेत. एक तज्ज्ञ धरून ठेवा आणि गावातल्या डॉक्टरांना त्यांची चिठ्ठी दाखवत राहा. दर महिन्याला डॉक्टर बदलण्यात पैसा आणि मूत्रपिंड दोन्ही जातात. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, शिधापत्रिका आणि आधार सोबत. नेहमीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, महिन्याच्या फेऱ्यांत ते लक्षात येण्याइतके वाचते.

कृष्णाकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ टांगा, आणि सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाले की ल्युपस असलेल्या मुलाला आधी नातेवाइकांकडे हलवा. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नका. पुराच्या पाण्यात आणि नंतरच्या चिखल काढण्यात त्याने उतरायचे नाही, कारण जखमेतून होणारा संसर्ग त्याला जड जातो.

लग्न आणि घराबाहेर राहणे

आजार कळला म्हणून शिक्षण थांबवून मुलीचे लग्न उरकू नका. लपवून केलेल्या लग्नात पहिली बंद होते ती गोळी, कारण सासरी डबा उघडता येत नाही. मग काही महिन्यांत आजार उसळतो. सांगणे साखरपुड्याआधी आणि शक्यतो डॉक्टरांसमोर व्हावे: आजार लागत नाही, गोळ्या कायम लागतील, मूल होऊ शकते पण ठरवून. आजार किमान सहा महिने शांत असावा. मायकोफेनोलेट निदान सहा आठवडे आधी थांबवून दुसरे औषध सुरू केलेले असावे, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. अँटी-रो आणि अँटीफॉस्फोलिपिड या तपासण्या आधी झालेल्या असाव्यात. पहिल्याने बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा धोका कळतो, दुसऱ्याने रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भपाताचा. अँटीफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. पाळी पुढे ढकलण्याची कुठलीही गोळीसुद्धा देवकार्यासाठी परस्पर घेऊ नका.

वसतिगृहात जाताना पाकिटात एक जाड कागद ठेवा. त्यावर नाव, रक्तगट, 'ल्युपस आहे', चालू औषधे आणि डोस, 'स्टेरॉइड चालू आहे, एकदम बंद करू नये', कुठल्या औषधाची अॅलर्जी, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. खोलीतल्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला तो कुठे आहे ते दाखवा. पहिल्या पंधरवड्यातच जवळची लॅब, मेडिकल आणि रात्री उघडे असणारे रुग्णालय शोधून ठेवा, मेसमध्ये लोणचे-पापड बाजूला ठेवून कमी मिठाची भाजी मिळेल का विचारा, आणि डबा भरायचा रविवारचा गजर तिथेही तसाच चालू ठेवा.